भाऊजींच्या गाडीचे टायर

माझ्या एका शब्दापायी माझ्या बहिणीचा नवरा गेला.

आज दोन वर्षं झाली. खरं सांगायची हिंमत आज झाली, तीही उशिराच.

भाऊजींचं आरमोरीत तांदळाचं दुकान. घर ते दुकान पायीच. गाडी निघायची ती लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्यासाठी. बाकी वर्षभर दुकानासमोर उन्हात उभी.

दसऱ्याला गाडी धुऊन ताईनं चाकांना हळद-कुंकू वाहिलं. कुंकू टायरच्या भेगांत जाऊन बसलं.

"अहो, हे तडकले ना सारे. बदलून टाका."

मग रोजच म्हणायला लागली.

भाऊजी ऐकणारे होते. मला सोबत घेऊन गडचिरोलीला टायरच्या दुकानात गेले. मी वीस वर्षं अहेरी-भामरागड जीप चालवतो. घरात गाडीतलं कळणारा म्हणजे मीच.

दुकानदार म्हणाला, "रबर जुनं झालं भाऊ. चारही बदलून घ्या."

मी खाली बसलो. नक्षीत बोट घालून पाहिलं. खोल, कोरी नक्षी.

"भाऊजी, नव्यासारखेच आहेत हे. तो त विकाले बसला आहे."

"पक्कं ना, सुधीर?"

"माह्यावर सोडा ना."

ते हसले. "तू म्हणतं त राहू दे मंग."

घरी जाऊन ताईला एवढंच म्हणाले, "चालते अजून." माझं नाव घेतलं नाही.

माझी अक्कल आमच्या रस्त्यांपुरती. तिथल्या दगड-खड्ड्यांत टायर म्हातारा होईपर्यंत टिकतच नाही. दीड-दोन वर्षांत घासून गुळगुळीत गोटा. झिजलेला टायर मी लांबून ओळखतो. न झिजता मेलेला टायर मी कधी पाहिलाच नव्हता.

मे महिना होता. ताई अहेरीला माझ्याकडे आलेली. भाऊजी तिला न्यायला निघाले.

भर दुपारी, आष्टीच्या पुढे, समोरचा डावा टायर फुटला. गाडी सागाच्या झाडावर गेली.

इकडे ताई त्यांच्यासाठी जेवायची थांबली होती.

फुटलेल्या टायरवर नक्षी तशीच कोरी होती. विम्याच्या माणसानं टायरच्या बाजूला छापलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर अकरा वर्षांचे निघाले.

मित्रांनो, आत्ता बाहेर जा आणि आपल्या गाडीचे ते आकडे वाचा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर दरवर्षी टायरवाल्याला दाखवा. दहा झाली असतील तर नक्षी कितीही छान दिसो, काढून टाका. भेगा दिसल्या तर वर्षंही मोजत बसू नका. स्टेपनीचंही वय पाहा.

आणि माझ्यासारख्या शहाण्याला विचारू नका.

दोन वर्षं ताई येईल त्याला सांगते आहे, "म्या कितीदा म्हटलं त्यायले. आयकलंच नाई. आपल्या हट्टानं गेला माणूस."

मी शेजारी बसून मान हलवत होतो. खालमानेनं चहा पीत होतो.

आज सकाळी आरमोरीला गेलो आणि भाऊजींच्या फोटोसमोर तिला सगळं सांगितलं.

मला वाटलं, हाकलून देईल. तिनं हाकललं नाही. उठून पदरानं फोटोची काच पुसली.

मग म्हणाली, "दोन वर्सं झाले, मी त्यायलेच बोल लावून राह्यली, सुधीर. तू त इथीच बसून राहे ना?"

भाऊजी, तुमचा हट्ट नव्हता. तुम्ही माझं ऐकलं, एवढंच.

माफी मागायला तोंड नाही. हात जोडतो.