नाव नसलेल्या चिठ्ठ्या

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पदवीला नाव घातलं. कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात रविवारी वर्ग भरायचे. नोकरीवाली माणसं, दुकान सांभाळणाऱ्या बायका, शिक्षण अर्धवट सुटलेल्या सुना, असे आम्ही विद्यार्थी. प्रत्येकाला दहा मिनिटं भाषण करायचं होतं. मला विषय आला ताणतणाव.

हवेत बोलायला मला आवडत नाही. मी चिठ्ठ्या कापून वर्गात वाटल्या. दोनच प्रश्न होते: ताण कशाचा येतो, आणि आला की काय करता? नाव लिहू नका, असं बजावलं. घरी जाऊन वाचल्या. मुलांचे मार्क, साहेब, सासू, असं ठरलेलंच बहुतेकांनी लिहिलं होतं. एकाने ‘घेत न्हाय, देतो’ एवढंच खरडलं होतं.

एक चिठ्ठी वेगळी होती. ‘घरी शिवणक्लास सांगून येते. कळलं तर शिकणं बंद करतील, ह्याचा ताण. मग धार काढताना म्हशीला सगळं सांगते. ती कुणाजवळ बोलत न्हाय.’

कुणाची ते मला लगेच समजलं. गगनबावड्याकडून पहिल्या एसटीने येणारी आणि संध्याकाळच्या धारेसाठी शेवटचा तास सोडून पळणारी वर्गात एकच होती. नाव नाही, मग काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ह्या चिठ्ठीवर वर्ग हसणार, हे मला कळलं होतं.

पुढच्या रविवारी भाषणात ती चिठ्ठी सगळी वाचली. शिवणक्लाससकट. वर्ग हसला. मागच्या बाकावरून एक रिक्षावाले म्हणाले, “म्हशीला शपथ घालून ठेवा की. डेअरीत जाऊन बोलायची.” सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तीही हसली आणि वही पिशवीत भरायला लागली. तिच्याच गावात माहेर असलेली एक जण पुढे बसली होती. ती माहेरी गेली तेव्हा गंमत म्हणून सांगून आली.

पुढचे दोन रविवार ती दिसली नाही, तेव्हा मी फोन केला.

“घरी कळलं, ताई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी येऊन सासूबाईंशी बोलते म्हटलं. माझ्या बोलण्याने एरवी माणसं हलतात.

“नका येऊ. तुम्ही आलासा की गावभर आणि हुईल.”

मग तिने विचारलं, भाषणाला मार्क किती पडले. वर्गात सर्वांत जास्त मलाच होते. बरे पडले, एवढंच म्हणाले.

परीक्षेला तिचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर आला होता. पर्यवेक्षक बाईंनी अर्धा तास वाट पाहिली, तिच्या नंबरापुढे लाल शाईने गैरहजर लिहिलं आणि तोच कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. मी तिच्या ओळीखाली सही केली आणि पेपर लिहायला घेतला.