एका सकाळीत युरोप, आणि संध्याकाळी मुलगी

त्या वर्षांत युरोप बघायला जपानी माणसाला रजा काढावी लागत नसे, एक रविवार पुरे व्हायचा. नागोयाहून तासाभराच्या अंतरावर, भातशेतं संपतात तिथे, भरभराटीच्या दिवसांत कुणीतरी अख्खा युरोप बांधून ठेवला होता. गेटातून शिरलं की डावीकडे पॅरिस, उजवीकडे हॉलंड आणि स्वच्छतागृहाच्या पलीकडे लिस्बन. मनोरा मूळच्यापेक्षा बराच ठेंगणा. चौकातले दगड नवेकोरे, पण कडा मुद्दाम झिजवून आणलेले. कबुतरं काही केल्या येईनात, म्हणून झाडांत स्पीकर लपवून त्यांचं घुमणं लावलेलं. चर्चमध्ये देव नव्हता, लग्नांचं बुकिंग होतं. लोक सकाळी यायचे, जेवणापर्यंत सहा-सात देश उरकायचे आणि शेजाऱ्यांना वाटायला बिस्किटांचे डबे घेऊन परतायचे. खराखुरा युरोप बघून आलेले आमच्या ओळखीचे पुण्याचे लोकही याहून वेगळं काही करत नसत. त्यांना फक्त बसमध्ये झोपायला जास्त वेळ मिळे.

मी तिथे बाइतो करायचे. जपानात पार्ट-टाइम कामाला सगळे हेच म्हणतात. ताई आणि भावजी नागोयात होते, भावजी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी त्यांच्याकडे राहून जपानी शिकत होते. त्या नकली गावाला युरोपियन माणसं हवी होती आणि जी मिळाली ती त्यांनी देशोदेशी वाटून टाकली होती. पोलंडची एक मुलगी डच होती, रशियाहून आलेली फ्रेंच होती. मला बघून काचो-सान, म्हणजे आमचे विभागप्रमुख, बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पोरुतोगारु," ते म्हणाले. अशी मी पोर्तुगीज झाले.

त्यांचा नियम एकच होता. गेटच्या आत मी लिस्बनची, घरची भाषा तोंडातून येता कामा नये. मला तो नियम सोयीचाच होता. कॉन्व्हेंटात इंग्लंडच्या राजांच्या बायका क्रमाने पाठ केल्या होत्या, पण अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की मी ताईला पुढे करायचे. पोर्तुगीज बाईकडून कुणी बोलण्याची अपेक्षा करत नाही. झालरीचा घाघरा, डोक्यावर लेस, गालांना लाली, हातात कागदी फुलांची टोपली, आणि हसत उभं राहायचं. ताईला वाटायचं मी तिथे ऑफिसात दुभाषी आहे. घाघऱ्याचा विषय मी तिच्याकडे काढला नव्हता.

त्याच सुमारास इचिकावा शहरातलं एक स्थळ आलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, मूळचा पुण्याचा. आम्ही फोनवर तीन-चारदा बोललो होतो. म्हणजे तो बोलला होता. एकदा मी धीर करून म्हटलं होतं की मला काम सोडायचं नाहीये, पुढेमागे चांगली दुभाषी व्हायचंय. त्यावर तो म्हणाला होता, "तू हवं ते कर. मला उलट आवडेल." त्या एका वाक्यावर मी जवळजवळ हो म्हणून बसले होते. जवळजवळच, कारण फोनवर माणूस कसा बसलाय ते दिसत नाही.

बघण्याचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी ठरला. मुलाची आई पुण्याहून आली होती, तीही येणार होती. "सकाळी ती दोघं इथे काय करणार," ताई म्हणाली, "म्हणून मीच सुचवलं, ते युरोप बघून घ्या. तू रविवारीही तिथे असतेस ते सांगितलं नाहीये हं. मुलगी रविवारचीसुद्धा कामाला जाते, हे आत्ताच कशाला?"

काचो-साननी दुपारपर्यंत सुट्टी दिली नाही. आणि अकराच्या सुमाराला स्थळाबरोबर आलेल्या फोटोतला मरून स्वेटर पॅरिसकडून लिस्बनच्या चौकात आला. शेजारी आई, पायात स्पोर्ट्स शूज, साडीवर कार्डिगन.

परदेशातलं मराठी माणसाचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे समोरच्याबद्दल त्याच्यासमोरच बोलता येतं. ताई आणि मीही ट्रेनमध्ये ते यथेच्छ भोगायचो.

"अगंबाई, ही कुठली रे?"

"पोर्तुगीज, आई. पाटी आहे ना."

"रंग तर आपल्यासारखाच की! गोऱ्या संपल्या वाटतं यांच्याकडे."

"गोव्याला पोर्तुगीजच होते ना."

"मग गोव्यालाच गेलो असतो. मासे तरी बरे मिळाले असते."

"तू मासे कुठे खातेस?"

"तुला मिळाले असते म्हणते मी. नाक मात्र बरंय हिचं."

मी हसत राहिले. हसण्याचाच तर बाइतो होता. दोघं माझ्या शेजारच्या बाकावर टेकली. मुलाने कासुतेरा केकचं पाकीट उघडलं.

"संध्याकाळी नीट बघ हं," आई म्हणाली. "फोटोवर जाऊ नकोस. अबोल आहे म्हणे. अबोल म्हणजे एक तर शिष्ट, नाही तर काहीतरी लपवतेय."

"बोलते गं फोनवर. कमी बोलते."

"इंग्लिश मीडियमची ना. एकोणसत्तर म्हटलं तर तोंडाकडे बघत बसेल."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी टोपली धरून मनात सत्तरातून एक वजा करत होते.

"आणि ते तिच्या कामाचं काय? मी आज स्पष्टच विचारणार आहे."

आता तो काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं.

"काही विचारू नकोस, आई," तो म्हणाला. "मी तिला सांगून ठेवलंय, हवं ते कर म्हणून. पहिलं वर्षभर करेल. मूल झालं की आपोआप सुटेल. हे असं आधी बोलायचं नसतं."

"हं. हुशार आहेस."

तो बोटाला लागलेला केक चाटत होता. चिडून बोलला असता तर मी समजून घेतलं असतं. पण ट्रेन कुठे बदलायची ते सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

मग तो उठला आणि कॅमेरा माझ्यापुढे धरून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला, "फोटो? प्लीज? यू, प्रेस, हिअर."

"हिला जमेल का?" आई म्हणाली.

मी फोटो काढला. काचो-सान तिकडून जाता जाता माझ्याकडे बघून समाधानाने किंचित वाकले.

संध्याकाळी मी वेणी घालून, सलवार-कमीजमध्ये कांदेपोहे घेऊन बाहेर आले. कुणी ओळखलं नाही. लाली धुतली की लिस्बनचं काही उरत नाही.

"तुमचं ते युरोप फारच छान हो," मुलाची आई ताईला सांगत होती. "अगदी हुबेहूब. माणसं तेवढी जरा सावळी ठेवलीत."

ताईने आम्हा दोघांना बोलायला बाल्कनीत पाठवलं. खाली कुणीतरी कचऱ्याच्या पिशव्या रंगांप्रमाणे लावत होतं. तो कठड्याला टेकला. फोनवरही असाच टेकत असणार.

"तुझ्या कामाचं मी आधीच सांगितलंय," तो म्हणाला. "तू हवं ते कर."

"पहिलं वर्षभर," मी म्हटलं. "मग आपोआप सुटेल."

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. माझ्या नाकाकडे बघत राहिला. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"तू ऑफिसात असतेस ना तिथे?"

"नाही. लिस्बनमध्ये."

तो आत गेला आणि बूट घालायला लागला. "अरे, पोहे राहिलेत तुझे," त्याची आई म्हणाली. "बोललात ना दोघं? काय ठरलं?" तो बुटाच्या नाडीतून वर बघेना. ताई त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. नेहमीप्रमाणे माझ्या वतीने तीच काहीतरी गोड बोलणार, हे मला दिसत होतं. तिने तोंड उघडायच्या आत मी दारापर्यंत आले.

"काकू," मी म्हटलं, "माझा नकार आहे."