काजळीचं पिवळं पाणी

सत्तरच्या दशकाच्या मध्यात मी वाशीमच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवायचो. नुकताच बी.एस्सी. झालेला, आणि डोक्यात हवा. काजळी पाण्यात विरघळत नाही, असं मी फळ्यावर लिहून दिलं होतं. गाळणकागदातून पाण्याबरोबर खाली उतरतं ते विरघळलेलं, वर राहतं ते न विरघळलेलं, हेही मीच शिकवलेलं.

मोटार स्टँडच्या मागे राहणारी एक मुलगी दुसऱ्या दिवशी डबीत काजळी घेऊन आली. एसटीचा आणि हॉटेलांच्या भट्ट्यांचा धूर तिच्या घराच्या टिनांवर बसायचा; तिथूनच तिनं ती खरवडली होती.

"सर, माय म्हनते, वाळू घातलेल्या कपड्यावरचं काळं धुतलं जाते, पिवळं राह्यते. करून पाहू काय?"

हुशार पोरगी. अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या यादीत मी तिचंच नाव घातलं होतं. मोठ्या मनानं परवानगी दिली. तिनं काजळी पाण्यात ढवळली, नरसाळ्यात कागद घालून गाळली. काळं कागदावर राहिलं. खाली उतरलेलं पाणी मात्र पिवळं होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला.

काही सुचलं नाही की मी चिडतो. "चहा टाकला काय वं त्याच्यात?"

वर्ग खो खो हसला.

"नाही सर. खोटं काहून बोलू? तुमीच तं सांगतलं, खाली उतरते ते विरघळलं."

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर! मी ते पाणी तिलाच मोरीत ओतायला लावलं आणि यादीतून तिचं नाव खोडलं. तिच्या जागी विजेची घंटा करणारा एक मुलगा घातला.

शाळा सुटल्यावर डबी टेबलावर तशीच होती. नरसाळं स्वतः घासून धुतलं, नवा कागद घेतला. पाणी पिवळंच उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. धुरात नुसता कोळसा नसतो, अर्धवट जळलेल्या लाकडाचं, तेलाचंही काही असतं आणि त्यातलं थोडं पाण्यात उतरतं, एवढं कळायला माझी बी.एस्सी. पुरेशी होती. यादी अजून शाळेतच होती. वर्गात एवढंच म्हणायचं होतं, की माझं चुकलं. पण पडलो तरी नाक वर! मी डबी खिशात घालून घरी गेलो. त्याची मला अजून लाज वाटते.

तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही. वार्षिक परीक्षेला मी मुद्दाम तोच प्रश्न काढला. तिनं पिवळं पाणी लिहावं, असं मला फार वाटत होतं. तिच्या पेपरात वळणदार अक्षरात उत्तर होतं: काजळी पाण्यात विरघळत नाही.

मी लाल पेन उचललं. बरोबरची खूण केली आणि पूर्ण मार्क दिले.