करंडीच्या तळचा कागद

"मंग पुढं काय झालं असंन बाप्पा त्या लोकाइचं?"

काकाजी हे विचारायचे ते संत्र्यांच्या करंडीत डोकं खुपसून. हातात रद्दी वर्तमानपत्राचा कागद. तो तळाशी अंथरायचा, त्यावर सुकं गवत, मग संत्री. पण अंथरण्याआधी कागद वाचायचाच, असा त्यांचा नेम. आणि वाचायचे तरी काय! सिनेमाच्या जाहिराती नाहीत, खून-दरोडे नाहीत. कोणत्या देशात विरोधकांना तुरुंगात टाकलं, कुठं मतपेट्याच बदलल्या, कुठं सभेला बंदी. कागद फाटका, बातमी शिळी आणि अर्ध्यावर तुटलेली. ती वाचली, की हे दिवसभर बेचैन.

पांढुर्ण्याच्या त्या वखारीत मी करंड्यांवर आमच्या मालकाचा, शेठचा मार्का मारायचो. काकाजी शेजारी बसून करंड्या भरायचे. माल रेल्वेनं दिल्लीकडे जायचा. त्यांचं नाव मी सांगणार नाही. अख्खी वखार त्यांना काकाजीच म्हणायची, तुम्हीही म्हणा.

"काकाजी, तो देश कुठं आहे ते तरी माहीत आहे का?" मी चिडवायचो.

"नाई माहीत. म्हनून त्याइले दुखत नाई का?"

 एकदा तर कहर केला. बातमीचा दुसरा तुकडा सकाळीच कुठल्याशा करंडीत गेला असं त्यांना आठवलं आणि त्यांनी भरलेल्या, शिवलेल्या करंड्या उसवायला घेतल्या. मुनीम बोंबलत आला. संत्री जमिनीवर गडगडत होती आणि काकाजी तळचा कागद उलटून पाहत होते. निघाली तेलाची जाहिरात. म्हातारा असा हिरमुसला की मुनीमच खाली बसून संत्री गोळा करायला लागला.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. म्युनिसिपालटीवर आमच्या वॉर्डातून शेठ बिनविरोध निवडून यायचे. "गावाचं एकमत आहे," असं ते छाती फुगवून सांगायचे. काकाजी करंडीतूनच म्हणाले, "कोनाले इचारलंच नाई, तर एकमत कसं?" आणि पुढच्या निवडणुकीला शेठविरुद्ध उभे राहिले की हो! सूचक म्हणून सही मी केली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण केली.

शेठ रागावले नाहीत. शेठ कधीच रागवायचे नाहीत. दोन दिवसांनी ठाण्यावरून हुकूम आला: यांच्यापासून शांततेला धोका आहे, रोज सकाळ-संध्याकाळ हजेरी द्यावी, गावाची हद्द सोडू नये. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुत्र्याला हाड म्हटलं नाही, त्याच्यापासून धोका! मतदानाच्या दिवशी सकाळच्या हजेरीला गेले, ते ठाण्याच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले. स्वतःचं मतही त्यांना स्वतःला देता आलं नाही. शेठच्या मिरवणुकीचा बँड त्यांनी त्याच बाकावरून ऐकला.

निवडणूक संपली, हुकूम काही संपला नाही. कामावरून मात्र शेठनी काढलं नाही. माणूस नजरेखाली असलेला बरा.

काकाजींची एकुलती एक लेक तिगावला दिलेली. आमच्या पुढचंच स्टेशन. ती बाळंत झाली, मुलगी झाली. जावई शेठच्याच संत्राबागेत राखणीला होता, त्यामुळे सासरची माणसं तिला बापाकडे पाठवायला धजत नव्हती. आणि बापाला हद्द सोडता येत नव्हती. तिकडे जाणारी गाडी शिटी द्यायची, की काकाजींचा हात करंडीत तसाच थांबायचा.

"एकच टेसन हाय राजा," म्हणायचे. "एकच."

मग एक दिवस पाहतो तर म्हातारा माझ्याच मार्क्याच्या शाईत काडी बुडवून कागदावर लिहून राहिला होता: 'वाचनाऱ्यास विनंती. इथं मतदान खरं झालं नाही. मला गावाबाहेर जाऊ देत नाहीत. वर कळवावे.'

"काकाजी, हे काय करून राहिले?"

"त्या दूरच्या लोकाइचं दुखनं आपल्याले कशातून समजलं? या कागदातूनच नं? मंग आपलंही यातूनच जाईन."

किती करंड्यांत असे कागद गेले, देव जाणे. कागद तळाशी, आणि वर आम्हीच थापलेला शेठचा मार्का. दोघांच्याही टाळक्यात उजेड पडला नाही.

जगानं उत्तर दिलं. पण दिलं शेठना. दिल्लीच्या व्यापाऱ्यानं तो कागदच परत पाठवला होता, सोबत तक्रार. शेठनी ती सगळ्यांसमोर वाचली: "माल अच्छा है, पर कागज कोरा लगाइए. ग्राहक पूछताछ करते हैं." मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "काकाजी, उद्यापासून येऊ नका."

आम्हाला वाटलं, म्हातारा आता कोसळतो. तो माझ्याकडे वळला, तर चेहरा फुललेला!

"वाचलं न बे कोनं तरी! गिऱ्हाइकं इचारून राहिले म्हनते!"

त्यांना बदडावं की मिठी मारावी, मला कळेना. पोटावर पाय आला होता आणि हा माणूस हसत होता.

त्यानंतर गावातल्या एकाही वखारीनं त्यांना दारात उभं केलं नाही. पुढं राज्यांची फेररचना झाली. तोवर आमची राजधानी असलेलं नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आम्ही भोपाळच्या पदरी पडलो. काकाजी धुतलेला सदरा घालून ठाण्यावर गेले. सरकारच गेलं, आता कशाचा हुकूम? तिथला हजेरी घेणारा मुन्शी म्हणाला, "तुमची फाइल नागपूरले राहिली. भोपाळहून नवा हुकूम येईन. तवर येत जा."

जात राहिले. सकाळी हजेरी, मग स्टेशनच्या कुंपणाशी बसणं, संध्याकाळी हजेरी. नात चालायला लागली हे त्यांना कोणाकडून तरी कळलं. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा चहा पाजला.

हिवाळ्यात अंथरुणाला खिळले. मी गेलो तेव्हा उठायची धडपड चालली होती. "संध्याकाळची हजेरी..."

"पडून राहा, मी सांगून येतो," म्हटलं आणि ठाण्यावर गेलो. मुन्शीनं मान वर न करता सांगितलं, "तुमच्या सांगण्यावर नाई होत. त्याइलेच आना."

मी चडफडत परत आलो. पण आता त्यांना कुठं न्यायची गरज राहिली नव्हती.

लेक दुसऱ्या दिवशी आली. आता तिला कोणी अडवलं नाही. नात अंगणात दुडुदुडु धावत होती.

दिल्लीच्या त्या गिऱ्हाइकांपैकी कोणी तरी तो कागद हातात धरून नक्की म्हणालं असेल, पुढं काय झालं असेल या माणसाचं? त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. बातमीचा राहिलेला तुकडा एवढाच आहे: तिगाव एकच स्टेशन होतं. काकाजी तिथं पोचले नाहीत.