चन्नबसप्पांच्या हातांचं पान

बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याचे चन्नबसप्पा चाळीस वर्षं चांदीच्या डब्या घडवत आले, लिंगायतांनी इष्टलिंग ठेवून गळ्यात बांधायच्या. डबीवर कारागिरानं आपलं नाव घालायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. त्यांची धाकटी लेक शैलश्री २०११ साली हैदराबादेत ऑनलाइन दागिने विकणाऱ्या एका कंपनीत लागली. अप्पांच्या डब्या तिनं त्या दुकानात ठेवायला लावल्या, आणि मग हट्टाला पेटून पानावर फोटोही चढवला. डबी घासणारे अप्पांचे दोन हात, खाली त्यांचं नाव आणि गाव.

तिची साहेबीण रूपा म्हणाली, आपण चाचणी लावू. निम्म्या गिऱ्हाइकांना हातांचं पान दिसेल, निम्म्यांना नुसत्या डबीचं. महिनाभरात बघणाऱ्यांतले शेकडा जास्त लोक ज्या पानावरून घेतील ते राहील, दुसरं कायमचं जाईल. शैलश्रीला खात्री होती. ते हात बघून कोण रिकामा परत जाईल? लेकीची माया ती, तिला कोण समजावणार.

कौतुकाच्या भरात तिनं हातांच्या पानाचा थेट पत्ता अप्पांना फोनवरून लिहून घ्यायला लावला. म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. कागद खिशात घालून ते रोज बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत जायला लागले, आणि एकटे कधीच नाही. आज शेजारचे बसवंतप्पा, उद्या गुडघे धरत जिना चढणारी नागव्वा, परवा मठातली अख्खी भजनी मंडळी. जो तो आळीपाळीनं खुर्चीत बसायचा, पान नव्यानं उघडायचा, हात बघून धन्य व्हायचा आणि उठायचा.

महिना संपला आणि हातांचं पान हरलं. शैलश्रीनं तपशील उघडला, तर बघणाऱ्यांत बीदर जिल्ह्यातले दोनशेच्या वर, आणि घेणारा त्यांतला एकही नाही. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. पत्ता तर तिनंच दिला होता. ती रूपाकडे धावली, गावची माणसं मोजू नका म्हणून विनवलं. निकाल वर गेलाय, रूपा म्हणाली, ते पान आजच काढून टाक.

अप्पांना खोटंच काहीतरी सांगावं असं तिला फार वाटलं. पण ते दुसऱ्या दिवशी राजेश्वर गावच्या पाहुण्यांना पान दाखवायला नेणार होते. तिनं फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. गावचे बघून गेले पुष्कळ, डबी घेतली त्यांतल्या कुणीच नाही, म्हणून पान गेलं.



"घेतील कामून, बाई?" अप्पा म्हणाले. "आलेल्या समद्यांच्या गळ्यात माझीच डबी हाय."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं सोसला असता. तिनं फोन ठेवला आणि ते पान स्वतःच्या हातानं पुसून टाकलं.