पुदिना हातानेच तोडावा

टरबुजाच्या फोडींवर घालण्यासाठी आज पुदिना निवडत होते. बोटांना लागलेल्या त्या वासाने मला थेट आठवीच्या वर्गात नेले. दारव्ह्याजवळच्या आमच्या शाळेत विनाअग्नी पाककृतींची स्पर्धा होती आणि जिंकणारी मुलगी यवतमाळला जाणार होती. पुदिना सुरीने चिरू नये, हातानेच तोडावा. मीठ अगदी शेवटी घालावे, म्हणजे टरबुजाला पाणी सुटत नाही. हे मी पुनःपुन्हा करून पाहून शोधले होते. सांगितले होते ते केवळ सुनंदाला, माझ्या जिवलग मैत्रिणीला.

पदार्थ करून दाखवायला तिचा क्रमांक माझ्या आधी आला. तिने सारे तसेच केले आणि बाईंची शाबासकी मिळवली. मग माझी ताटली पाहून बाई म्हणाल्या, “काहून वं, सुनंदाचं पाहून केलं काय तू?”

मी तोंड उघडण्याआधीच सुनंदा हसत म्हणाली, “राहू द्या ना बाई, मीच सांगतलं होतं तिले.”

यवतमाळला तीच गेली. न जाण्याचे दुःख त्या उन्हाळ्यातच विरले असावे. राहिले ते इतकेच, की बोलताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो मायेचा समजून मी गप्प राहिले.