हिरव्या चौकोनांची हाजरी

खुर्सीपारमधलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्या मागे पत्रा टाकून काढलेलं स्वयंपाकघर. बाबा स्टील प्लांटमध्ये, पण ठेकेदाराकडे. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट, आणि ठेकेदाराच्या मनात आलं की त्यातही उलटापालट. सी शिफ्ट करून ते सकाळी येऊन झोपले की त्या एका खोलीत वाटीवर चमचा आपटायचीही चोरी. एक दिवस कामावर गेलं नाही तर त्याला नागा म्हणत, आणि नागा झाला की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा हजेरी मांडणारा मुन्शी गेटवर ताटकळत ठेवी. म्हणून बाबा अंगात ताप घेऊनही जात. आई आधी रेजा होती, बांधकामावर विटा वाहायची. कंबर गेली तेव्हा ती सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या कॉलनीतल्या, तीन क्वार्टरांत स्वयंपाकाला लागली. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंत, आईचं सहीपुरतं.

अशा घरातून मी बी.ए. करत होते. प्रायव्हेट. म्हणजे कॉलेजात बसायचं नाही, फॉर्म भरायचा आणि परीक्षेला जायचं. दिवसभर मी जवळच्या चॉइस सेंटरवर काम करायची. लोकांचे जातीचे दाखले, राशन कार्डं, फॉर्म. शेवटच्या वर्षाचा निकाल आला आणि अर्थशास्त्रात पूरक लागली. सांख्यिकीचा पेपर अडला होता. पूरक परीक्षा म्हणजे एकदाच मिळणारी संधी. त्यात पास झाले तर बी.ए., नाही तर अख्खं वर्ष पुन्हा. हातात दोन महिने होते. आणि बाबांनी शिफ्टमधल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी बी.ए. झाल्यातच जमा आहे.

सेंटरचे मालक म्हणाले, "बेटा, तुम टाइम मैनेज नहीं करती. मोबाइल में सब है. फ़्री में."

या फ़्री शब्दानं माझे पाच आठवडे खाल्ले.

आधी एक कॅलेंडरचं ॲप घेतलं. मग कामांची यादी करणारं एक. मग पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं आराम असं मोजणारं घड्याळ. प्रत्येकाला ईमेल हवा, पासवर्ड हवा, माझं ध्येय काय ते हवं. "तुमचं ध्येय निवडा" म्हणून सोळा चित्रं दाखवली. पूरक परीक्षा पास होणं हे त्यांत नव्हतं. शेवटी मी डोंगरावर चढलेल्या माणसाचं चित्र निवडलं. एक अख्खा रविवार प्रत्येक धड्याला रंग देण्यात गेला. सहसंबंध जांभळा, निर्देशांक नारिंगी. संध्याकाळी पाहिलं तर कॅलेंडर होळीसारखं दिसत होतं आणि मी एकही गणित सोडवलं नव्हतं.

कॅलेंडरला बाबांची शिफ्ट कळेना. ते विचारायचं, "दर आठवड्याला असंच?" आमच्या घरी दर आठवड्याला असंच काहीही नसतं. मी सकाळी सात ते नऊ अभ्यास लिहिला, तर पुढच्या सोमवारी सात वाजता बाबा सी शिफ्टहून येऊन आडवे झालेले. आणि ते घड्याळ! पंचवीस मिनिटं झाली की एक जाहिरात लावायचं, कारण फ़्री. कुठल्यातरी खेळाची. त्यातली बाई किंचाळायची. बाबा दचकून उठून बसले.

"कोन मेलं?"

"कोनी नाई बाबा, ॲप हाय."

"मंग त्याले हळू मराले सांग." मी जाहिरातींचा आवाज बंद करून टाकला.

ही तिन्ही साधनं घरच्या एकुलत्या स्मार्टफोनवर होती. तो फोन मी कामावर न्यायची नाही, कारण क्वार्टरवाल्या बायका आईला त्याच्यावर फोन करत. सेंटरच्या कॉम्प्युटरवर त्याच पासवर्डनं मला तेच सगळं दिसायचं, तेवढं पुरे होतं.

घड्याळात एक पान होतं. दिवसाचा एक चौकोन. ठरवलेला वेळ अभ्यास केला की तो हिरवा व्हायचा, नाही तर पांढरा राहायचा. एक दिवस बाबांनी ते पान पाहिलं.

"हे का हाय व?"

मी सांगितलं की ज्या दिवशी अभ्यास झाला तो हिरवा.

"म्हंजे हाजरी."

"हाजरी नाई बाबा, ते…"

"हाजरीच न. हिरवा म्हंजे हाजर. हे पांढरं कावून हाय मंग? बुधवारी नागा केला का तू?"

झालं. ज्या बी.ए.ला कॉलेज हजेरी विचारत नव्हतं, तिला घरी हजेरी सुरू झाली. बाबा शिफ्टहून आले की हातपाय धुवायच्या आधी फोन मागायचे. पांढरा चौकोन दिसला की आईकडे पाहून म्हणायचे, "तुह्या पोरीनं आज बी दांडी मारली. आमी बाविस वर्षांत इतके नागे नाई केले." हिरवा दिसला की चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचे. त्या टपरीवरच्या लोकांना माझा बुधवार पांढरा होता हेसुद्धा माहीत असायचं. एकदा एका काकांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "काव, कालचा भरला का?"

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. कामावरून दमून आले की घड्याळ सुरू करून पुस्तक उघडं ठेवायची आणि भिंतीला टेकून डोळे मिटायची. चौकोन हिरवा व्हायचा. बाबा खूश. मीही थोडी खूशच, कारण आठवड्याच्या शेवटी ते ॲप मला अहवाल पाठवायचं, "छान! सहसंबंधावर इतके तास." मी पुढच्या धड्यावर जायची.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना दुपारी मी सेंटरवर एका आजीचं आधार कार्ड स्कॅन करत होते. बाजूला कॉम्प्युटरवर ते पान उघडं होतं. सहज नजर गेली. हिरवा गोल फिरत होता. खाली लिहिलं होतं, अभ्यास सुरू आहे, चौदा मिनिटं बाकी.

मी काउंटरवर उभी होते. माझा अभ्यास घरी सुरू होता.

आजीनं काय झालं पोरी, म्हणून विचारलं, "का होगे, नोनी?" मी म्हटलं काही नाही. पण मग मागचे दिवस काढून पाहिले. गेले तीन आठवडे रोज दुपारी साडेबारा ते दोन माझा अभ्यास चाललेला. मी सेंटरवर, बाबा झोपलेले नाहीतर प्लांटमध्ये. कोण उरलं ते सांगायला नको.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई लसूण सोलत होती. बाबा ए शिफ्ट करून आलेले, खाटेवर पडलेले. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, फोनवरचं घड्याळ तू चालू करतं का?"

"हो," ती म्हणाली, जसं काही मी विचारलं की डाळ भिजवली का. "तुही हाजरी लावून देतो."

"माही हाजरी? तू?"

"मंग? तू कामावर राहते, इकडे चौकोन पांढरा राहते, तुहा बाप येऊन बोलते. मले नाई आयकवत. हिरवा गोल दाबला का चालू होते, पायलं न मी तुले दाबताना."

"आई, तो अभ्यास मोजते! मी केला तर मोजाचा!"

"आमी रेजा होतो तवा एखादीचं लेकरू बिमार असलं का दुसरी तिच्या नावाले हाजिर म्हणे. मुन्शीले मालूम राहे. कोनाचं काय बिघडलं?"

"माहं बिघडलं! तीन आठवडे राह्यले परीक्षेले!"

तेव्हा ती रागावली. सुरी खाली ठेवली. "मी का खेळत होतो त्याच्यासंग? एकदा चालू केलं का फोनले हात नाई लावला. तुह्या अभ्यासात फोन कसा उचलाचा? सेक्टरवाली बाईनं चार डाव फोन केला, नाई उचलला मी. दुसऱ्या दिवशी बोलली मले. आयकून घेतलं."

माझी आई रोज दुपारी दीड तास एका बंद पुस्तकासमोर फोनला हात न लावता बसली होती, आणि त्यापायी कामावर बोलणी खाल्ली होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं. मी वही काढून सहसंबंधाचं एक गणित घेतलं. जमेना. दुसरं घेतलं. सूत्रच आठवेना. अहवाल म्हणत होता छान. त्या तासांत आईचे किती आणि भिंतीला टेकून झोपलेल्या माझे किती, हे मलाही सांगता येत नव्हतं. सगळं खोटं आईवर ढकललं असतं तर सोपं झालं असतं. मी खाटेकडे पाहून सांगून टाकलं, "बाबा, तिचेच नाई. माहे बी खोटे हायत. मी चालू करून झोपत होतो."

बाबा उठून बसले. मला वाटलं आता टपरीवर सांगितलेल्या सगळ्या हिरव्या चौकोनांचा हिशेब माझ्याकडून घेणार. त्यांनी चष्मा लावला, फोन मागितला, ते पान बराच वेळ पाहिलं आणि फोन आईच्या हातात दिला.

"आमच्यात बी असे हायत," ते म्हणाले. "हाजरी लावतेत आन् ट्रान्सफॉर्मरच्या मागं झोपतेत. रोजीवर असलं का असंच होते. ठेक्यावर माणूस झोपत नाई. इतक्या विटा उतरव आन् घरी जाय. मंग दोन घंट्यात उतरव का सहा घंट्यात, तुहं तू पाय. तुह्या कामात विटा कोनत्या?"

मी म्हटलं, "गणितं."

"किती हायत?"

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून मोजली. एकशे सव्वीस. दिवस एकवीस.

"रोजची सहा," बाबा म्हणाले. भागाकार त्यांनी माझ्या आधी केला. "सहा झाली का सुट्टी. घड्याळ पायाचंच नाई."

मी घड्याळाचं ॲप काढून टाकलं. काढताना त्यानं विचारलं, "तुम्हाला नक्की जायचंय? तुमचे बावीस हिरवे दिवस पुसले जातील." मी त्याला तोंडावर एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. कामांची यादी काढली. कॅलेंडर ठेवलं, कारण त्यात परीक्षेची तारीख होती आणि बाबांची शिफ्ट आठवड्याआठवड्याला हातानं भरता येत होती. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

पुढचे दिवस काही गोड गेले नाहीत. सहा गणितं कधी दीड तासात झाली, कधी अर्धी सेंटरवर गिऱ्हाईक नसताना, कधी आईसोबत सेक्टरला जाऊन तिथल्या जिन्यावर बसून. दोनदा पाचच झाली आणि दुसऱ्या दिवशी सात करावी लागली. बाबांना गणित वाचता येत नव्हतं, पण उत्तराखाली मी दोन रेघा मारत असे. ते रेघांच्या जोड्या मोजायचे. एकदा मी चुकलेल्या गणिताखालीही रेघा मारल्या, तेव्हा म्हणाले, "हे खोडाखोडीचं कसं पास केलं? तुटकी वीट मोजत नसतेत." पुन्हा करायला लावलं. मला रडू यायचं बाकी होतं. आई मध्ये पडली नाही. फक्त फोन वाजला की ताबडतोब उचलू लागली, अगदी पहिल्या रिंगला, जरा रागानंच.

एकशे सव्वीसपैकी एकशे एकोणीस गणितं परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत झाली; चुकलेली पुन्हा करण्यात सात राहून गेली.

पूरकचा निकाल लागला. सांख्यिकीत शंभरपैकी त्रेपन्न. मी बी.ए. झाले. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घरांत बी.ए. होणारी मी पहिली.